वर्षासाठी एक शब्द कसा निवडायचा? होळी ते पाडवा, पंधरा दिवसांची रीत

संकल्पांची लांबलचक यादी करण्याऐवजी वर्षासाठी एकच शब्द धरायचा, ही पद्धत आपल्याकडेही आता रुळली आहे. रोज चालायला जाईन, बाहेरचं खाणार नाही, महिन्याला एक पुस्तक वाचीन असं काही ठरवायचं नाही. एक शब्द घ्यायचा आणि काही ठरवायची वेळ आली की त्याला विचारायचं. ऐकायला सोपं वाटतं, म्हणूनच बहुतेकांचा शब्द पंधरा दिवसांत बारगळतो. ३१ डिसेंबरच्या रात्री काहीतरी छान सुचतं, स्टेटसला लागतं आणि संक्रांतीपर्यंत आठवतही नाही.

वर्षाला नाव असणं तसं आपल्याला नवं नाही. पंचांगात प्रत्येक शालिवाहन वर्षाला संवत्सराचं नाव असतं, साठ नावांचं चक्र ठरलेलं आहे. शके १९४६ क्रोधी, १९४७ विश्वावसू, १९४८ पराभव. पराभव संवत्सर लागलं म्हणून कुणी परीक्षेचा फॉर्म भरायचं थांबत नाही. ती नावं पाळीपाळीनं येतात आणि जातात. आपण निवडलेल्या शब्दानं मात्र काम करायला हवं, आणि त्याचं काम एकच: मोहाच्या किंवा घाईच्या क्षणी एखाद्या गोष्टीला नाही म्हणायला लावणं. ज्या शब्दामुळे वर्षभरात एकही गोष्ट नाकारली जात नाही, तो शब्द चुकला असं खुशाल समजा.

काय काय लागेल

- एकेरी रेघांची शंभर पानी वही आणि दोन रंगांची पेनं.
- मागच्या वर्षाची भिंतीवरची दिनदर्शिका. दुधाचे खाडे, सिलिंडर कधी लावला, लग्नाच्या तारखा, डॉक्टरांची वेळ, सगळं तिच्यावर खरडलेलं असतं. रद्दीत गेली असेल तर फोनमधलं कॅलेंडर.
- बारा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, यूपीआयच्या नोंदींसकट. पीडीएफला पासवर्ड असतो. तो कसा बनतो ते बँकेच्या मेलमध्येच लिहिलेलं असतं.
- फोनमधले मागच्या वर्षीचे फोटो.
- मराठी-मराठी शब्दकोश. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश इंटरनेटवर फुकट पाहता येतो. त्यात शब्दाखाली वाक्प्रचारही मिळतात, आणि ते फार उपयोगी पडतात.

एकूण सहा-सात तास लागतात, पण पंधरा दिवसांत विभागून. पैसे लागत नाहीत. शब्द कोरलेलं ब्रेसलेट, किचेन, राशीच्या अक्षरावरून ‘तुमचा लकी शब्द’ काढून देणं, दोन हजार रुपयांची कार्यशाळा, यातलं काहीही निदान पाडव्यापर्यंत घेऊ नका. शब्द चालतो की नाही हे कळायच्या आधीच तो धातूवर कोरून घेतला की तो बदलायला जीव होत नाही.

१. तुमचं वर्ष कधी सुरू होतं ते आधी ठरवा

१ जानेवारी ही सगळ्यांत सोयीची तारीख वाटते, पण डिसेंबरात लग्नं, सहली, शाळेची गॅदरिंगं आणि उरलेल्या रजा संपवण्याची घाई. शांतपणे बसायला वेळच मिळत नाही. ज्यांचा धंदा आहे, दुकान आहे, त्यांनी दिवाळीचा पाडवा धरावा; नवीन वह्या तेव्हाच उघडतात. शिक्षकांना आणि शाळकरी मुलांच्या आईवडिलांना जून सोयीचा.

बाकीच्यांना गुढीपाडवा सुचवतो, आणि त्याचं कारण अगदी व्यावहारिक आहे. होळीपासून पाडव्यापर्यंत फाल्गुन वद्य पंधरवडा असतो. तयारीला आयता पंधरा दिवसांचा अवधी, सुरुवात आणि शेवट दोन्ही लक्षात राहणारे. पाडव्याला ठाण्यात कौपिनेश्वर मंदिराच्या परिसरातून स्वागतयात्रा निघते, नवी मुंबईतही ठिकठिकाणी निघतात. तो दिवस कुणी विसरत नाही.

अडचण एकच: हेच दिवस मार्च एंडिंगचे आणि दहावी-बारावीच्या परीक्षांचे. लेखा विभागात असाल किंवा घरात दहावीचं मूल असेल तर हट्ट करू नका, अक्षय्य तृतीया धरा. वेळापत्रक तेच राहील, फक्त पंधरा दिवस आधी सुरू करायचं. आणि हो, अधिक महिना असलेलं वर्ष तेरा महिन्यांचं असतं. शके १९४८ तसं आहे, अधिक ज्येष्ठामुळे. त्या वर्षी शब्द जास्त दिवस पेलायचा आहे हे ध्यानात घेऊन निवडा.

२. मागच्या वर्षाची झडती (धुळवडीपासून तीन संध्याकाळी)

ही पायरी गाळली तर पुढचं सगळं फुकट आहे. आठवणीवर विसंबून शब्द निवडला की तो शेवटच्या दोन महिन्यांवरच बेततो. मार्चमध्ये बॉसशी वाजलं असेल तर ‘शांतता’ सुचते, नुकतं लग्न पाहून आलं असेल तर ‘माणसं’. म्हणून आधी कागद, मग मन.

एका संध्याकाळी चार महिने, दर महिन्याला पंधरा मिनिटं. वहीच्या पानावर चार रकाने पाडा: वेळ, पैसा, माणसं, शरीर. दिनदर्शिका, स्टेटमेंट आणि फोटो बघत प्रत्येक महिन्यातल्या पाच-सहा ठळक गोष्टी त्या-त्या रकान्यात लिहा. पुढे खूण करा: अधिक म्हणजे हवं होतं, उणे म्हणजे नको होतं, शून्य म्हणजे कळत नाही. शून्यं बरीच निघतील. ती खोडू नका.

स्टेटमेंटमध्ये तीन प्रकारच्या ओळी शोधा. एकाच नावाच्या छोट्या रकमा पुन्हा पुन्हा. एखादी मोठी रक्कम जी बघून पोटात कालवतं. आणि ऑटोपेनं आपोआप जाणारे पैसे, ज्यांची आठवणही नव्हती. पण रकमेवर थांबू नका, तारीख आणि वेळ बघा. अर्ध्याहून जास्त उत्तरं तिथे असतात.

उदाहरण घ्या. घर ठाण्यात घोडबंदर रोडला, ऑफिस नवी मुंबईत ऐरोलीला. स्टेटमेंटमध्ये महिन्याला दहा-बारा वेळा बाहेरून मागवलेलं जेवण. पहिला विचार येतो, यंदाचा शब्द ‘बचत’. आता त्या ऑर्डरींच्या वेळा बघा: सगळ्या रात्री साडेनऊनंतरच्या. त्याच तारखांना दिनदर्शिकेवर किंवा मेलमध्ये संध्याकाळी सहाची मीटिंग. ऐरोलीहून ठाणं लोकलनं जवळ आहे, मधे फक्त दिघा गाव हे एक स्टेशन. पण आठला निघालं की ठाणे स्टेशनबाहेर रिक्षाची रांग, मग घोडबंदरची कोंडी, आणि घरात शिरल्यावर कुकर लावायचं त्राण उरत नाही. खर्च जेवणावर दिसतो, गळती मात्र संध्याकाळी सात वाजता आहे. या माणसाला ‘बचत’ हा शब्द वर्षभर टोचत राहील आणि ऑर्डरी तितक्याच होतील. त्याचा शब्द ‘निघ’ आहे.

तिसऱ्या संध्याकाळी वही मिटण्यापूर्वी फक्त उणे खुणा सलग वाचा आणि प्रत्येकीच्या आधी काय घडलं होतं ते दुसऱ्या रंगानं लिहा. तोच तोच प्रसंग तीन-चारदा आला तर त्याला चौकट करा.

३. शब्दांचा ढीग (चौथा दिवस, चाळीस मिनिटं)

चौकटीतले प्रसंग समोर ठेवून तीस-चाळीस शब्द लिहा. हातानं लिहा; फोनवर लिहिताना कीबोर्ड स्वतःच शब्द सुचवतो आणि तुम्ही तेच घेता. पहिले दहा शब्द बहुधा वापरून गुळगुळीत झालेले असतील: सकारात्मकता, समृद्धी, आनंद, प्रगती, संतुलन. येऊ द्यात, लिहून काढा. ते बाहेर पडल्याशिवाय पुढचे येत नाहीत.

खरा साठा घरातल्या कामाच्या भाषेत आहे. स्वयंपाकघरात दिवसभर बोलले जाणारे शब्द आठवा: आवर, निवड, पाखड, मुरव, उपस, झाक, बेतानं, जपून. शेतातले: नांगर, पेर, खुरप, राख. बाजारातले: मोज, थांब, परत कर. घरी मालवणी, आगरी, अहिराणी, वऱ्हाडी बोलत असतील तर तिकडचाच शब्द घ्या. जो शब्द लहानपणी ऐकलाय तो ऐन घाईत लवकर आठवतो. इंग्रजी शब्द चालेल का? तुम्ही स्वतःशी ज्या भाषेत चडफडता त्या भाषेतला घ्या.

कुठे बसायचं हेही महत्त्वाचं. घरी बसलात तर पंधरा मिनिटांत कुणीतरी हाक मारतं. ठाण्यात असाल तर मासुंदा तलावाच्या काठी संध्याकाळी जाऊ नका, गर्दीत वही उघडता येत नाही. जायचंच तर सकाळी लवकर. उपवन किंवा कचराळी तलाव त्या मानानं निवांत. नवी मुंबईत वाशीचं सागर विहार, खारघरचं सेंट्रल पार्क. ऊन फार वाटलं तर ग्रंथालयात बसा. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासूनचं आहे, तिथलं वातावरण अशा कामाला बरं. रविवारी कुणाबरोबर मिळून बसायचं ठरवत असाल तर लोकलचा मेगाब्लॉक कुठे आहे ते आधी बघा.

४. चाळणी (रंगपंचमीचा दिवस, एक तास)

ढिगातून तीन शब्द काढायचे आहेत. पाच प्रश्न लावा. एका जरी प्रश्नाला अडकला तर शब्द बाद.

याचा उलटा शब्दही कुणाला हवासा वाटेल का? ही सगळ्यांत कडक चाळण. ‘आनंद’चा उलटा ‘दुःख’, ते कुणालाच नको; म्हणजे ‘आनंद’ निवडून तुम्ही काहीच निवडलं नाही. ‘थांब’चा उलटा ‘निघ’. दोन्ही चांगले, कुणाला हा लागतो कुणाला तो. ‘एकटं’ आणि ‘मिळून’, ‘आधी’ आणि ‘सावकाश’, ‘माग’ आणि ‘दे’, अशा जोड्यांमधले शब्द कामाचे. गुळगुळीत शब्द या एका प्रश्नात गळतात.

चौकटीतल्या प्रसंगांपैकी निदान दोन यानं टळले असते का? वहीतला प्रसंग वाचा, शब्द मोठ्यानं म्हणा, काय बदललं असतं ते एका वाक्यात लिहा. वाक्य सुचत नसेल तर शब्द बाद.

हा शब्द चालायला दुसऱ्यानं बदलायला लागतं का? ‘आदर’, ‘साथ’, ‘समजूत’ हे शब्द घरच्यांच्या वागण्यावर अवलंबून आहेत. वर्षभर त्यांच्या तोंडाकडे बघत बसाल.

या शब्दानं तुम्हाला कधी बोलणी बसली आहेत का? ‘शिस्त’ हा चांगला शब्द आहे, पण अनेकांच्या कानात तो वडिलांच्या किंवा पीटीच्या सरांच्या आवाजात वाजतो. असा शब्द चाबूक होतो. त्याच अर्थाचा, ओरडा न खाल्लेला शब्द शोधा. ‘नीट’ किंवा ‘आवर’ बघा.

गर्दीत, घाईत, मनातल्या मनात म्हणता येतो का? फार तर चार अक्षरांचा बरा. सकाळच्या लोकलला लटकताना ‘आत्मपरीक्षण’ आठवत नाही.

माझं मत विचाराल तर आज्ञार्थी क्रियापद किंवा ‘आधी’, ‘बेतानं’, ‘सावकाश’ यासारखं क्रियाविशेषण नामापेक्षा जास्त टिकतं. नाम ऐकलं की मान डोलते, क्रियापद ऐकलं की काहीतरी करावं लागतं. ‘पुरे’सारखा उद्गारही झकास. आणि क्रियापद एकेरीतच घ्या. स्वतःला ‘थांबा’ म्हटलं की ठाण्याच्या टीएमटी बसच्या थांब्याची पाटी आठवते.

एक सावधगिरी. घरात कुणाची शुश्रूषा करत असाल, किंवा तुम्हाला आधीच कुणाला नाही म्हणता येत नसेल, तर ‘दे’, ‘हो’, ‘सेवा’, ‘समर्पण’ हे शब्द कितीही चांगले वाटले तरी घेऊ नका. जे आधीच वाहून चाललंय त्याला आणखी उतार कशाला? आणि मन सतत उदास असेल, झोप-जेवण बिघडलं असेल, तर शब्द हा त्यावर उपचार नाही. डॉक्टरांकडे जा, किंवा टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी नंबरवर फोन करा.

५. तीन शब्द, तीन-तीन दिवस (सहावा ते चौदावा दिवस)

आता प्रत्येक शब्द सलग तीन दिवस वापरायचा. रोज बदलू नका; तिसऱ्या दिवशी कुठे तो तोंडात बसतो. रोज रात्री दहा मिनिटं, निदान तीन नोंदी. नोंद अशी दिसते:

‘मंगळवार. सात वाजता बॅग भरली, तेवढ्यात “दोन मिनिटं बोलू या का” आलं. निघ. उद्या दहाला बोलू म्हटलं. चिडले नाहीत. अ.’

‘मंगळवार. जेवणानंतर फोन घेऊन बसलो. शब्द आठवला. तरी पाऊण तास बसलो. ब.’

‘बुधवार. सोसायटीच्या ग्रुपवर पार्किंगवरून वाद. झाल्यावर आठवलं, इथूनही निघता आलं असतं. क.’

अ म्हणजे शब्दामुळे वेगळं वागणं झालं. ब म्हणजे आठवला पण वागणं तेच. क म्हणजे गाडी गेल्यावर आठवला. नऊ नोंदींत निदान तीन अ हवेत. क जास्त असतील तर शब्द वेळेवर पोचत नाही. तो लांब आहे किंवा फार पुस्तकी आहे. ब जास्त असतील तर शब्द बरोबर असू शकतो, पण तुम्ही त्याला एकदम सगळीकडे राबवताय. पुढच्या पायरीत हद्द आखली की सुधारतो. ज्या शब्दाच्या वाट्याला शनिवार-रविवार आला त्याचे आकडे जरा सवलतीनं वाचा. सुट्टीच्या दिवशी सगळेच शब्द गोड लागतात.

या नऊ दिवसांत शब्द कुणाला सांगू नका. सांगितला की लोक छान म्हणतात, आणि मग तो सोडवत नाही.

एखाद्या वर्षी तिथीचा क्षय होऊन पंधरवडा एक दिवसानं आखूड होतो. अशा वेळी झडतीच्या दोन संध्याकाळी एकत्र करा, शब्द वापरण्याचे दिवस कापू नका.

६. निवड आणि हद्द (अमावास्या, अर्धा तास)

सगळ्यांत जास्त अ ज्याला, तो शब्द. सगळ्यांत आवडलेला घेण्याचा मोह होईल. आवडलेल्या शब्दाला बहुतेक वेळा सर्वांत जास्त ब मिळालेले असतात. बरोबरी झाली तर जो म्हणताना थोडं अवघडायला होतं तो घ्या.

मग वहीच्या नव्या पानावर दोन वाक्यं लिहा: हा शब्द कशासाठी, आणि कशासाठी नाही. दुसरं वाक्य बहुतेक जण गाळतात आणि तिथेच शब्द डोईजड होतो. ‘निघ’ घेतलात तर: ऑफिस, समारंभ, फोन, संपलेलं भांडण यांच्यासाठी, आजारी माणसाजवळून उठायला आणि मुलांच्या अभ्यासातून पळायला नाही. ‘पुरे’: कपडे, भांडी, ऑनलाइन सेल आणि जेवताना तिसऱ्यांदा वाढून घेणं यासाठी, औषधं, विमा आणि आईवडिलांना फोन करणं यासाठी नाही. ‘विचार’ घेतलात तर दुसऱ्याला विचारायचं की मनाशी विचार करायचा, हे आत्ताच लिहून ठेवा. दोन्ही अगदी उलट दिशांना नेतात.

याच पानावर वर्षभरातली सूट लिहा: जास्तीत जास्त पंधरा दिवस, तारखांसह. गणपती, घरचं लग्न, गावची जत्रा. आधी लिहिलेली सूट ही सूट असते. त्या दिवशी सुचलेली सूट म्हणजे पळवाट.

७. शब्द कुठे ठेवायचा

फ्रिजच्या दारावर नको. तिथे लायटीचं बिल, शाळेचं वेळापत्रक आणि पिझ्झाचं पत्रक आधीच आहे. आठवड्यात डोळ्यांना तो दिसेनासा होतो. फ्रेम करून हॉलमध्ये तर अजिबात नको. जिथे निर्णय होतो तिथेच शब्द हवा.

खर्चाचा शब्द असेल तर डेबिट कार्डावर छोटी चिकटपट्टी लावा (चिप आणि काळी पट्टी सोडून), आणि यूपीआयनं पैसे देताना टीप लिहायची जागा असते तिथे तो शब्द टाइप करायची सवय करा. तीन सेकंदांचा थांबा मिळतो, आणि महिन्याच्या शेवटी कुठे आठवला कुठे नाही ते नोंदींतच दिसतं. वेळेचा शब्द असेल तर अलार्मला नाव द्या. संध्याकाळी साडेसहाला फोनवर ‘निघ’ उमटू दे. रागाचा असेल तर ज्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर डोकं फिरतं तो ग्रुप म्यूट करून फोनच्या लॉक स्क्रीनवर शब्द ठेवा. खाण्याचा असेल तर ओट्यावर, मिसळणाच्या डब्याच्या झाकणाला आतून. दर महिन्याला जागा बदला, कारण सवय झाली की चिठ्ठी भिंतीचाच भाग होऊन जाते.

८. महिन्याचा हिशेब

नवीन तारीख ठरवू नका, ती विसरली जाते. जी तारीख घरात आधीच पाळली जाते तिला हिशेब जोडा: संकष्टी, पगाराचा दिवस, सोसायटीचा मेंटेनन्स भरायचा दिवस. पंधरा मिनिटं, तीन प्रश्न: शब्दामुळे काय नाकारलं? कुठे आठवायला हवा होता आणि आठवला नाही? हद्दीत काही बदल हवा का? एवढंच. यापेक्षा मोठी पद्धत केलीत तर श्रावणापर्यंत टिकणार नाही.

मोठा आढावा तीनदा: आषाढी एकादशी, दसरा, संक्रांत. पाडव्यापासून धरलं तर साधारण तीन-साडेतीन महिन्यांच्या अंतरानं येतात.

शब्द कुठे मरतो हे ठरलेलं आहे. पहिला खड्डा मे महिन्याचा, गावी गेलात की सगळी घडी मोडते. दुसरा जुलैचा: रुळांवर पाणी, गाड्या उशिरा, घरात ओले कपडे, मुलांच्या परीक्षा, माणूस फक्त दिवस ढकलतो. या दोन्ही वेळी शब्द सोडला असं समजू नका. हद्द तात्पुरती एकाच गोष्टीपुरती आकसून घ्या, फक्त फोन किंवा फक्त रात्रीचं जेवण, आणि परिस्थिती निवळली की पुन्हा रुंद करा.

९. घरात दोघंतिघं मिळून करत असाल तर

नवरा-बायकोनं एकच शब्द घेऊ नये. झडती वेगळी निघते, शब्द वेगळा निघणारच. एकमेकांचा शब्द माहीत असावा, पण भांडणात तो हत्यार म्हणून काढायचा नाही हे आधी ठरवा. ‘तुझा शब्द पुरे होता ना, मग ही साडी?’ हे वाक्य एकदा उच्चारलं गेलं की त्या वर्षाचा शब्द संपला. हिशेब ज्याचा त्यानं मांडायचा.

दहा वर्षांखालच्या मुलांवर शब्द लादू नका. त्यांना खेळ वाटतो आणि दर आठवड्याला नवा हवा असतो. तर घेऊ द्यात. आजी-आजोबांना मात्र जरूर सामील करून घ्या. तिसऱ्या पायरीत शब्दांचा ढीग लागतो तेव्हा विसरलेले शब्द त्यांच्याकडूनच मिळतात.

१०. शब्द बदलायचा की नाही

पहिले नव्वद दिवस नाही. कंटाळा हे कारण नाही. दुसऱ्या महिन्यात प्रत्येक शब्दाचा कंटाळा येतो. नोकरी गेली किंवा बदलली, घरात मूल आलं, कुणी गेलं, मोठं आजारपण निघालं, तर बदला, आणि अपराधी वाटून घेऊ नका. अशा वेळी पंधरा दिवसांचा खटाटोप करायची गरज नाही: पाचव्या पायरीत मागे पडलेले दोन शब्द वहीत आहेतच, त्यातला एक उचला आणि सहाव्या पायरीपासून पुढे जा.

वर्ष संपताना शेवटच्या पानावर बारा हिशेबांमधली फक्त नाकारलेल्या गोष्टींची यादी उतरवा. ती पाच-सहापेक्षा लहान असेल तर पुढच्या वेळी चौथ्या पायरीला जास्त वेळ द्या. यादी भरगच्च असेल आणि झडतीत तोच प्रसंग पुन्हा चौकटीत आला, तर तोच शब्द पुढच्या वर्षी ठेवायला हरकत नाही. फक्त हद्दीचं पान नव्यानं लिहा, जुनं चिकटवू नका.